ज्वारीचा दाणा आणि हातभर परात
(रविवार बालवर्गाच्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रविवारच्या बालवर्गात आम्ही लहान मुलांना ग्रह कसे शिकवतो, यावर बोलावे अशी सूचना झाली. आम्ही काही खगोलशास्त्रज्ञ नव्हेत. सोलापुरातल्या शाळांतून शिकवणारी साधी माणसे आहोत आणि हे काम चुकतमाकतच शिकलो.

पहिली चूक सुरुवातीचीच. ग्रहमालेचा तक्ता आणून भिंतीला लावला आणि बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही नावे पोरांकडून पाढ्यासारखी म्हणून घेतली. दोन रविवारांत सगळ्यांना पाठ. आम्ही खूश. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "सर, यातला शनी काढून टाकता येतो का?" का गं, असे विचारले. "आज्जी म्हणती, तो आमच्या बाबांच्या मागं लागलाय." वडिलांचे यंत्रमागावरचे काम सुटले होते.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की, मूल वर्गात येते ते कोरी पाटी घेऊन नव्हे. शनी आणि मंगळ ही नावे त्याच्या कानावर आमच्याआधी पडलेली असतात, आणि तीही भीतीच्या सुरात. 1956 नंतर ज्या घरांनी जुने देव सोडले, त्यांतल्या काही घरांतही साडेसाती मागच्या दाराने येते. अडचण आली की माणूस कारण शोधतो. म्हणून आज्जीला हसायचे नाही, हे आम्ही आधी ठरवले. आज्जीला हसलो तर मूल आमचेही ऐकणे सोडते.

आता तक्त्याचे पाहा. त्यात सगळे ग्रह एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे! जागा थोडी, म्हणून चित्रकार तरी काय करणार? पण मुलाला वाटते, शनी म्हणजे शेजारच्या गल्लीतला. तेव्हा आम्ही तक्ता उतरवला आणि स्वयंपाकघराकडे वळलो. आपला जिल्हा ज्वारीचा. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक दाणा, चार मिलिमीटरचा, असे धरले. या मापाने सूर्य हातभर रुंद परातीएवढा होतो, कारण पृथ्वीसारखे 109 दाणे ओळीने ठेवावे तेव्हा सूर्याची रुंदी भरते. बुधाला मोहरी, शुक्राला ज्वारीचाच दुसरा दाणा, मंगळाला बाजरीचा बारीक दाणा, गुरूला लिंबू, शनीला त्याहून थोडे लहान लिंबू. चंद्राला राजगिरा, पृथ्वीपासून अर्ध्या वितीवर.

मग परात विहाराच्या दारात टेकवून ठेवली आणि पोरांना घेऊन रस्त्याने निघालो. मोहरी 18 मीटरवर, शुक्र 34 वर, आपला दाणा 47 वर, मंगळ 70 च्या पुढे. इथवर पोरे उड्या मारत आली. पुढे गुरूसाठी 244 मीटर चालावे लागले. शनी 450 मीटरवर, चहाच्या टपरीपलीकडे. तिथून मागे वळून पाहिले तर परात टिकलीएवढी दिसत होती आणि ज्वारीचा दाणा तर कुठेच नाही. नेपच्यूनचे 1,400 मीटर आम्ही गेलोच नाही. रिक्षांची वर्दळ होती आणि पोरांना भूक लागली होती. याच मापाने सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याची परात बारा-तेरा हजार किलोमीटरवर, म्हणजे अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आसपास ठेवावी लागेल. हे सांगितल्यावर पोरे गप्प झाली.

त्या मुलीने टपरीजवळ विचारले, "एवढ्या लांबून त्याला आमचं घर दिसतंय का?" आम्ही उत्तर दिले नाही. तिनेच परातीकडे पाहिले आणि मान हलवली.

थोरांसाठी हिशेब वेगळा. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षे. तीन राशी धरल्या की साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. चाळीस पोरांच्या वर्गात साधारण दहा पोरांना, आणि सोलापुरातल्या पाव लोकांना. मग यंत्रमाग बंद पडतो तो त्या पावांचाच का? हा प्रश्न आम्ही पालकांपुढे ठेवतो आणि थांबतो. ज्यांना आणखी हवे, त्यांना 2009 साली प्रसिद्ध झालेली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चाचणी सांगतो. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला 27 ज्योतिषांना दिल्या होत्या. उत्तरे 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले तरी पन्नासाच्या आसपास येतात.

आणखी एक घोटाळा नऊ आणि आठचा. आमच्या पिढीने प्लूटोसह नऊ ग्रह पाठ केले. 2006 साली प्लूटो बटुग्रहांत गेला आणि आठ उरले. घरातल्या नवग्रहांचे नऊ मात्र निराळेच. त्यांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, पण पृथ्वी नाही! एका पोराने बरोबर पकडले, "मग आपण कुठं राहायचं?" राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, तिथे हातात धरायला दगडसुद्धा नाही. ग्रहण सावलीने लागते, हे तर आर्यभटांनी 499 सालीच लिहून ठेवले.

फजितीही सांगितली पाहिजे. 2025 साली मोठ्या हौसेने दुर्बीण मागून आणली, शनीची कडी दाखवू म्हणून. त्या वर्षी कडी आपल्याकडे धार करून होती. दिसली ती एक बारीक रेघ. पोरे हिरमुसली. आधी वाचून घ्यायला हवे होते. गुरूचे चार चंद्र मात्र छान दिसले. 1610 साली गॅलिलिओने पाहिलेले तेच, हे सांगितल्यावर रांग पुन्हा लागली.

पुढच्या फेरीला ती मुलगी आज्जीला घेऊन आली. आज्जी गुडघे धरत शनीपर्यंत चालल्या, टपरीवर बसल्या, आणि एका फेरीला किती वर्षे लागतात ते त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लग्नापासून याच्या दोन फेऱ्या झाल्या की!" आणि चहा मागवला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. आपण राहतो तो ग्रह कलून फिरतो, हे मुलांना पायाखाली दाखवण्याची ती संधी. वेळ साधारण 12 वाजून 23 मिनिटे. पालकांनी मुलांना टोपी घालून, पाणी पाजून बारापर्यंत विहाराच्या गच्चीवर आणावे. बाटल्या आम्ही आणू.

जयभीम!