शिक्षणाचा पैसा शिकणाऱ्याच्या नावे



शिक्षणाचे वय पंचविशीच्या आत संपते, ही समजूत समाजात खोलवर रुजली आहे. मुलांच्या शिकवणीसाठी पदरमोड करणारा बाप स्वतःच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला काढत नाही. परंतु ज्या कौशल्यावर त्याचे घर चालते, तेच कालबाह्य ठरले तर? पंचेचाळिसाव्या वर्षी काम सुटलेल्या माणसाचा केवळ पगार जात नाही; त्याचा आत्मविश्वासही खचतो. या प्रश्नावर काही देशांनी एक उपाय योजला. प्रशिक्षणाचे सरकारी अनुदान प्रौढ नागरिकाच्याच नावे जमा करावे आणि काय शिकायचे ते त्याने ठरवावे, असा हा उपाय आहे.

कल्पना आकर्षक आहे. पण पहिला मोठा प्रयोग फसला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००० मध्ये वैयक्तिक शिक्षण खाती सुरू झाली. नागरिकाने २५ पौंड घालावेत, सरकारने १५० पौंड द्यावेत, अशी पहिल्या दहा लाख खात्यांसाठी योजना होती. नव्या प्रशिक्षण संस्था पुढे याव्यात म्हणून त्यांच्या पात्रतेची कसून छाननी केली गेली नाही. परिणामी बनावट संस्थांचे फावले. नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारला योजना गुंडाळावी लागली. तोवर २७.३ कोटी पौंड खर्च झाले होते आणि त्यांपैकी ९.७ कोटी पौंड गैरव्यवहारात गेले असावेत, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मांडला. प्रामाणिकपणे शिकणाऱ्यांचा मार्गही त्यामुळे बंद झाला.

सिंगापूरची कथा मात्र वेगळी आहे. नैसर्गिक संपत्ती जवळजवळ नसलेल्या या देशाचे खरे भांडवल म्हणजे माणसे. २०१५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री थरमन षण्मुगरत्नम यांनी ‘स्किल्सफ्युचर’ योजनेचा विस्तार जाहीर केला. जानेवारी २०१६ पासून २५ वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाच्या नावे ५०० सिंगापूर डॉलर जमा झाले. ही रक्कम रोख मिळत नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या शुल्कासाठीच ती वापरता येते.

तेथेही लबाडी झालीच. न केलेल्या अभ्यासक्रमांचे खोटे दावे सुमारे ४,४०० व्यक्तींनी सादर केल्याचे उघडकीस आले. ती रक्कम सुमारे २२ लाख डॉलर होती. २०१७ मध्ये तर नऊ व्यावसायिक संस्थांच्या आडून एका टोळीने कर्मचारी प्रशिक्षणाच्या अनुदानात सुमारे ४ कोटी डॉलरचा अपहार केल्याचे आढळले. शिस्तीसाठी ख्यात असलेल्या देशात हे घडले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पण सिंगापूरने योजना बंद केली नाही. दोषींवर खटले भरले, रकमा परत मागितल्या आणि नागरिकाच्या हाती पैसे देण्याऐवजी ते थेट प्रशिक्षण संस्थेकडे देण्याची पद्धत आणली. पैशाचा मार्ग बदलला, निवडीचा हक्क मात्र नागरिकाकडेच राहिला.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ५०० डॉलरमध्ये एखादा लहान अभ्यासक्रम होतो. नवा व्यवसाय हाती येत नाही. शिवाय संसार असलेल्या माणसाची खरी अडचण शुल्क नसून वेळ ही असते. तो सहा महिने वर्गात बसला, तर घरी चूल कशी पेटायची? म्हणूनच फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात चाळीस व त्यापुढील वयाच्या नागरिकांसाठी आणखी ४,००० डॉलर जाहीर झाले आणि मे २०२४ पासून ते उपलब्ध झाले. ही रक्कम रोजगाराशी निगडित अशा निवडक अभ्यासक्रमांसाठीच आहे. त्याचबरोबर ठरावीक पूर्णवेळ अभ्यासक्रम करणाऱ्यास सरासरी उत्पन्नाच्या निम्मा, दरमहा कमाल ३,००० डॉलर निर्वाहभत्ता देण्याची तरतूद २०२५ पासून झाली. आयुष्यात एकूण २४ महिन्यांपर्यंत तो मिळू शकतो. शिकणाऱ्या प्रौढाच्या मागे कुटुंब उभे आहे, याची दखल येथे शासनाने घेतली.

भारतातही जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना सुरू झाली. तिचा भर प्रामुख्याने तरुणांवर राहिला आणि प्रशिक्षणाचा पैसा बहुतांशी संस्थेकडे जात राहिला. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराच्या नावे स्वतंत्र खाते असावे, हा विचार येथे अजून चर्चेतही फारसा नाही. कोट्यवधी लोकसंख्येच्या देशाने एका शहरराष्ट्राची नक्कल करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु खाते उघडण्यापूर्वी शिकवणारा कोण हे तपासले पाहिजे, आणि शिकणाऱ्याच्या चुलीचा विचार केला पाहिजे, हे दोन धडे मोठ्या देशालाही तितकेच लागू आहेत.

सरकार पैसा देऊ शकते, पारख करू शकते. मात्र पन्नाशीतला माणूस वही घेऊन वर्गाकडे निघाला, तर त्याला हसणारा शेजार त्याची पावले मागे खेचतो. ते हसू थांबवण्यासाठी कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. ते काम समाजाचे आहे आणि त्याचा प्रारंभ प्रत्येक घरातून होऊ शकतो.