प्रवेश मिळाला, आता पुढे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काका, मुलांना दोन शब्द सांगा." रिटायर्ड माणसाच्या हातात माईक देणं ही मोठी जोखीम आहे. ती त्यांनी घेतली. पण मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, तेव्हा जोखीम म्हणजे काय ते मला कळतं. वेळेत संपवीन.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू झालेली नव्हती आणि पाण्याला टँकर यायचा. त्या वेळी आईच्या कडेवर असलेली मुलं आज नोकरीला आहेत. आणि त्यानंतर जन्मलेली तुम्ही मुलं सीईटी, जेईई, नीट ही नावं पाढ्यांसारखी म्हणता. म्हणून आधी परीक्षेबद्दल बोलतो, मग जरा मनातलं बोलतो.

परीक्षेच्या बाबतीत माझा पहिला सल्ला अगदी बँकेतला आहे. सही करण्यापूर्वी अटी वाचा. प्रत्येक परीक्षेचा हिशोब वेगळा असतो. आपल्या राज्याच्या सीईटीत उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात आणि चुकलं तर एक जातो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या दोनांतला एक निवडायला हरकत नाही. पण काहीच येत नसताना ठोकून दिलं, तर चार प्रश्नांत एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे हातात साधारण एक मार्क. एवढ्यासाठी लॉटरी खेळू नका, तो वेळ येणाऱ्या प्रश्नाला द्या.

दुसरं म्हणजे अकरावी. अकरावी ही विश्रांती आहे असा एक गोड गैरसमज आपल्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी आढळतो. सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. जेईई आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. आणि बारावी बोर्डाला 'फक्त पास व्हायचंय' म्हणून सोडू नका. जेईई मेनवरून एनआयटीत जायचं तर सर्वसाधारण गटाला बारावीत ७५ टक्के तरी लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

आता हे पर्सेंटाइल. मागच्या वर्षी एक आजोबा मला म्हणाले, "नातीला ९२ टक्के मिळाले." मी म्हटलं, "टक्के नाहीत, पर्सेंटाइल." ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या ९२ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत. पेपरात ९२ टक्के मार्क मिळाले असा त्याचा अर्थ नाही. हा फरक घरातल्या मोठ्यांनी समजून घेतला तर मुलांना उगीच बोलणी बसणार नाहीत.

तिसरं म्हणजे कागदपत्रं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांना जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस. ही फाईल निकालानंतर करायला घेतली की सेतू केंद्रात रांग लागते आणि घरात भांडणं. निकालाआधीच करा. कॅप राउंडचा फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम खरोखर आवडीप्रमाणे लावा. 'बघू तरी' म्हणून नको असलेलं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं आणि तेच मिळालं, तर पुढच्या फेरीत बदल करता येत नाही.

पैशाचं एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय बँकवाल्याला झोप लागणार नाही. शैक्षणिक कर्ज घ्यायला लाजू नका. चार लाखांपर्यंत सहसा स्वतःची रक्कम घालावी लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. मात्र व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, हे विसरू नका. जमलं तर शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहा, पुढचा डोंगर कमी होतो. आणि आई-वडिलांनी फंड मोडून मुलाला तो आकडा रोज ऐकवण्यापेक्षा, मुलाच्या नावावर कर्ज असलेलं कितीतरी बरं.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला क्लासमध्येही सांगतील. यापुढचं कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत.

१९६८ साली मी गावाहून साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात आलो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं हे कॉलेज. तिथल्या 'कमवा आणि शिका' योजनेत मी होतो. सकाळी काम करायचं, मग वर्गात बसायचं. कामाची सवय घरचीच होती, त्याचं काही वाटलं नाही. पण वर्गात इंग्रजीतून शिकवायला लागले की कानात नुसता वारा. पंधरा दिवस मी मान हलवत बसलो. शेवटी एक दिवस सरांच्या मागे जाऊन म्हणालो, "सर, मला एक अक्षर कळत नाही." सर रागावले नाहीत. रोज तास संपल्यावर दहा मिनिटं मला त्यांनी दिली. त्या दहा मिनिटांवर मी बी. ए. झालो, बँकेत लागलो आणि आज तुमच्यापुढे उभा आहे. मला विचारायची लाज वाटली नाही, कारण घालवायला माझ्याकडे काही नव्हतंच. गावात कुणाची माझ्याकडून फारशी अपेक्षा नव्हती.

माझ्या मुलाचं तसं नव्हतं.

आपण इथे राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला इंजिनिअरिंगला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जुन्या सभासदांना आठवत असेल, मी अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये स्वतः फिरून पेढे वाटले होते. तो होस्टेलला गेला. दिवाळीत आला तेव्हा वाळलेला दिसला. "मेसचं जेवण," म्हणाला. जानेवारीत विचारलं, तर "निकाल चांगला लागला," म्हणाला. आम्ही खूश.

मार्चमध्ये जिन्याखालच्या पत्रपेटीत कॉलेजचं पत्र आलं. हजेरी कमी भरली होती आणि पहिल्या सेमिस्टरला तीन विषयांत केटी होती. मी तिथेच पायरीवर बसलो. बँकेत एका रुपयाचा फरक पडला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधणारा मी, आणि घरातला एवढा मोठा फरक मला सहा महिने दिसला नाही. संध्याकाळी होस्टेलवर फोन लावला आणि त्याला वाटेल तसं बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग चार दिवस फोन नाही, आम्ही केला तरी खाली यायचा नाही.

पहिल्या मजल्यावरच्या काकू, आज त्या आपल्यात नाहीत, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. हिच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. मला म्हणाल्या, "ते पत्र घरी ठेवा. चिवडा घ्या आणि पोराला भेटून या. अभ्यासाचं एक अक्षर काढू नका." मी रात्रीच्या एसटीने गेलो.

होस्टेलच्या पायऱ्यांवर आम्ही चिवडा खात बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाबा, पहिल्या आठवड्यापासून मला काही कळत नव्हतं. बारावीपर्यंत सगळं क्लासमध्ये करून घ्यायचे, इथे कुणी विचारतही नाही. सगळे माझ्यापेक्षा हुशार वाटायचे. आणि तुम्ही सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. मी नापास झालो हे मी सांगणार कुणाला?"

मंडळी, ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच दिवशी तो माझ्यासमोर एका सरांकडे गेला. सिनियर मुलांबरोबर अभ्यासाला बसायला लागला. केटी सुटायला वर्ष लागलं, पण सुटल्या. आज त्याचं व्यवस्थित चाललं आहे. हे सगळं सांगू का, असं मी त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "सांगा ना, पण तुम्ही ओरडला होतात तेही सांगा." सांगितलं!

तेव्हा मुलांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. प्रवेश परीक्षा उत्तर येतं का ते बघते. 'येत नाही' असं म्हणता येतं का, ते कॉलेज बघतं. शाळेत पहिला आलेला मुलगा तिथे साठजणांतला एक असतो, कारण ते साठही कुठे ना कुठे पहिले आलेले असतात. पहिल्या महिन्यात न कळलेलं पहिल्याच महिन्यात विचारा. थकबाकीसारखं आहे ते, सुरुवातीला एक हप्ता असतो, मग खातं एनपीए होतं. रॅगिंग झालं तर सहन करू नका, तो आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मन फारच खचलं तर १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि घरी फोन करा. आई-बाबा रागावतील, पण फोन ठेवणार नाहीत.

पालकांनो, तुम्हाला सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, चुकलेल्या माणसाचा अनुभव म्हणून ऐका. पहिल्या सेमिस्टरला मार्क विचारू नका. जेवलास का, झोपतेस किती, मित्र कोण, कुठला विषय जड जातोय, हे विचारा. "जड जातोय" असं उत्तर आलं तर आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा, बाकीचं नंतर.

आज या मुलांना आपण ट्रॉफ्या देतोय, ते योग्यच आहे. पेढेही जरूर वाटा. फक्त पेढा देताना मुलाला हळूच सांगा, "हे मागच्या परीक्षेचे आहेत, पुढच्या परीक्षेचा ॲडव्हान्स नाही."

आमच्याकडे मुलाची शेवटची केटी सुटली त्या दिवशी हिने शिरा केला होता. बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नाही. फक्त एक वाटी पहिल्या मजल्यावर काकूंकडे नेऊन दिली.

सर्व विद्यार्थ्यांना मनापासून शुभेच्छा. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!