मुंबई सोडून रत्नागिरीत येताना

आम्ही चौघी गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्याकडून रत्नागिरीत राहायला आलो. एकीच्या यजमानांची बदली झाली, दोघींनी निवृत्तीनंतर यायचं ठरवलं, आणि चौथीला सासूबाईंच्या आजारपणामुळे यावं लागलं. "आम्हीपण येऊ का गं तिकडे?" असं मुंबईच्या मैत्रिणी फोनवर सारख्या विचारतात. त्यांना जे सांगतो, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुखाचं बहुतेकींना ठाऊकच असतं. लोकलचे रोजचे दोन-तीन तास वाचतात. मिरकरवाड्याची ताजी मासळी, संध्याकाळी मांडवीला नाहीतर भाट्याच्या पुळणीवर एक फेरी, जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरातला गारवा. हे सगळं खरं आहे. पण मे महिन्यात आठ दिवस येऊन आंबे खाऊन कोणी घर ठरवू नये.

इथे पाऊस वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशी येते, कुलपं गंजतात, धुतलेले कपडे चार-चार दिवस दमट राहतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यातच आगोट भरायची: तांदूळ, कडधान्यं, आमसुलं, सुकट, सोडे. कोकण रेल्वेच्या गाड्याही पावसात हळू धावतात. मुंबई सुमारे ३४० किलोमीटर दूर आहे हे एरवी जाणवत नाही, माहेरचं कोणी आजारी पडलं की जाणवतं.

दुसरी गोष्ट, इथे ओळखीशिवाय काही नाही. "कोणाच्या तुम्ही? माहेर कुठलं?" हे मासळीवाल्या मावशीही विचारणार. मुंबईत आपण कुठे गेलो, किती वाजता आलो, कोणाला पत्ता नसायचा. इथे आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते! पहिलं वर्ष याचा फार जाच झाला. पण एकीच्या यजमानांच्या छातीत रात्री दुखायला लागलं, तेव्हा शेजारच्या भावोजींनी न विचारता गाडी दारात आणून उभी केली. दोन्ही एकाच ओळखीतून येतं, एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

आता आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. शहर बदललं की घरातल्या पुरुषाची बदली होते किंवा त्याचं पेन्शन चालू राहतं. बाईची मात्र नोकरीच सुटते. "आता इथे खर्च कमी, तुला काय गरज?" हे प्रेमानेच म्हटलं जातं. पण स्वतःच्या खात्यात दरमहा पडणारे पैसे थांबले की भाचीच्या लग्नातल्या आहेरासाठीसुद्धा विचारावं लागतं. आमच्यातल्या एकीने मुंबईच्या ऑफिसशी आधी बोलून घरून काम मागून घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या आधी इन्व्हर्टर बसवला. दुसरी आंब्याच्या बागायतदारांचे हिशेब लिहिते. आंबापोळ्या, कोकम सरबत विकू म्हणून मात्र निघू नका. इथे घरोघरी सासूबाई ते तुमच्यापेक्षा चांगलं करतात.

आणि घराचा कागद. मुंबईची खोली बहुधा दोघांच्या नावावर असते, तिच्या हप्त्यात आपलाही पगार गेलेला असतो. ती विकून आलेला पैसा गावच्या जुन्या घराच्या दुरुस्तीत घालायचा, असं ठरतं. आणि त्या घराच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आजेसासऱ्यांपासूनची नावं, चार दीर, दोन नणंदा. आपलं नाव कुठेच नाही. भांडायची गरज नाही. पण पैसा घालण्याआधी उतारा काढून वाचावा, वाटणीपत्र नोंदवून घ्यावं. नवं घर घेणार असाल, तर राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हेही घरात बोलून ठेवा. सवलतीच्या निमित्ताने विषय सोपा निघतो.

घाई नसेल, तर जून ते सप्टेंबर भाड्याच्या घरात काढून पाहा. रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो, मुलांना कुठली शाळा, वीज गेली की कधी येते, सगळं त्या चार महिन्यांत कळतं.

आमच्या चौथ्या मैत्रिणीच्या घरी वाटणीचं बोलणं अजून चालू आहे. सासूबाईंचं सगळं ती मनापासून करते, दिरांशीही गोडीने आहे. पण ठाण्याची खोली तिने विकलेली नाही. ती भाड्याने दिलीय, आणि भाडं तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होतं. कागदावर नावं चढेपर्यंत ते तसंच राहणार, असं तिने घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय.