छाप्यानंतर



कुंटणखान्यावर पोलिसांनी छापा घातला, मुलींची सुटका झाली, अशी बातमी आपण ऐकतो आणि सुटल्या बिचाऱ्या, असं म्हणतो. सामाजिक कार्यकर्तीचं अवघड काम मात्र त्यानंतर सुरू होतं.

सोडवलेली मुलगी सुरुवातीला अनेकदा नाव खोटं सांगते, वय वाढवून सांगते, मर्जीनं आले म्हणते. घरवालीनं, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईनं, तिला तसं पढवलेलं असतं. पोलीस मारतील, घरचे दारात उभं करणार नाहीत, ही भीती घातलेली असते. शिवाय दलालाला मोजलेले पैसे तिच्याच नावावर कर्ज म्हणून मांडलेले असतात. म्हणून आल्याआल्या प्रश्नांची सरबत्ती नको. आधी जेवण, आंघोळ, झोप आणि तिची भाषा बोलणारी बाई. घरवालीपासून तिला लांब ठेवायचं, एका बाकावरसुद्धा बसवायचं नाही.

मग तिचा ताबा मागायला 'नातेवाईक' उगवतात, सोबत वकील. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी 'प्रेरणा' संस्था याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००२ साली न्यायालयानं बजावलं, की अल्पवयीन मुलगी गुन्हेगार नव्हे, तिला काळजी आणि संरक्षण हवं. तिला बालकल्याण समितीपुढे न्यावं. कुंटणखाना चालवणाऱ्यांचा वकील तिच्या वतीनं उभा राहू शकत नाही. आणि आईबाप सांभाळायला योग्य आहेत, याची खात्री झाल्याखेरीज ताबा द्यायचा नाही.

ही खात्री गृहचौकशीतून, म्हणजे मुलीच्या घरी जाऊन केलेल्या चौकशीतून होते, आणि माझ्या मते सगळं या चौकशीवर अवलंबून आहे. मुलीला गावाहून कोणी नेलं? लग्नाच्या नावानं की नोकरीच्या? तो माणूस अजून घरी येतो-जातो का? धाकट्या बहिणी कुठे आहेत? विकणारा कधी कधी घरातलाच असतो. टेबलाशी बसून भरलेला अहवाल मुलीला त्याच्याच हाती परत देतो.

सज्ञान स्त्रीची गोष्ट वेगळी. तिला मनाविरुद्ध सुधारगृहात ठेवता येत नाही, असं उच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. वाटा दाखवाव्यात, निवड तिची. फसवून आणणाऱ्या दलालाला मात्र तिच्या संमतीची सबब कायदा देत नाही.

आणि श्रोतेहो, शेजारी कुणी मुलगी कोंडल्याचा संशय आला, तर स्वतः दार ठोठावू नका. कुणकुण लागली की तिला रातोरात हलवतात. १०९८ किंवा ११२ वर फोन करा. इमारत, मजला, खोली नीट सांगा.