चित्रांनी दिलेला आधार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी 'चित्रोपचार' या विषयावर बोला म्हटले, तेव्हा मी आधी नकारच दिला. मी डॉक्टर नाही, चित्रकारही नाही. पण या उपचाराला स्वतः जाऊन आलेली मंडळात मी एकटीच निघाले, म्हणून उभी राहिले आहे.

आमचे हे गेले त्याला तीन वर्षे झाली. दिवस झाले, माणसे आपापल्या घरी गेली, आणि माझे बोलणेच आटले. रडूही येईना. औषध चालू होते. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी हा उपचार सुचवला. मुलगी म्हणाली, "आई, तुझी रांगोळी साऱ्या वाडीत पहिली. तुला काय अवघड?"

नेमके तेच अवघड गेले!

पहिल्या दिवशी मी खडू घेऊन १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी काढली. दुसऱ्या आठवड्यात कमळ, तिसऱ्यात तुळशीवृंदावन. बाईंनी वाखाणले नाही, नावेही ठेवली नाहीत. एवढेच विचारले, "हे काढताना कसे वाटत होते?" मला तर रागच आला. चौथ्या वेळी काळा खडू हातात मोडला, आणि त्या तुकड्याने मी कागदभर नुसत्या रेघा ओढत सुटले. मध्ये थोडी जागा कोरी राहिली. बाई म्हणाल्या, "इथे काय आहे?" तोंडून निघून गेले, "ह्यांची आरामखुर्ची." त्यापुढे मी अर्धा तास बोलत होते.

सुबक काढण्याची आपली सवय किती पक्की असते पाहा! तिच्याआड सारे लपवता येते.

एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराला क्षय झाला होता. १९३८ साली तो आरोग्यधामात होता, आणि पडल्या पडल्या चित्रे काढून त्याने मन सावरले. मग इतर रोग्यांनाही त्याने कागद-पेन्सिल धरायला लावली. या उपचाराचे इंग्रजी नाव त्यानेच १९४२ मध्ये रूढ केले. अमेरिकेत २०१६ साली ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद देऊन बसवले. सुमारे पाऊणजणांच्या लाळेतील ताणाचे द्रव्य त्यानंतर उतरलेले आढळले. हात बसलेला असो वा नसो, त्याने फरक पडला नाही. ती माणसे आजारी नव्हती, तेव्हा यावरून फार ताणू नये. पण "मला चित्र येत नाही" ही सबब मात्र उरत नाही.

जायचे असेल तर आधी विचारून घ्यावे: बाईंचे शिक्षण या उपचाराचे आहे का, कागद कोठे राहणार, कोण पाहणार. चालू औषधे त्यांना सांगावीत, आपल्या मनाने बंद करू नयेत. डाग पडले तरी चालेल असे लुगडे नेसावे. काय काढायचे ते घरून ठरवून जाऊ नये; मी ठरवून जात होते, तेवढे तीन आठवडे फुकट गेले. परतल्यावर लगेच पोळ्यांना बसू नये. कधी कधी मन हलके होण्याऐवजी जडच होऊन येते, तेव्हा तासभर तरी आपला ठेवावा. आणि तसे वाटले तर पुढच्या खेपेस बाईंना स्पष्ट सांगावे. टाळून घरी बसू नये.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. "दाखव पाहू काय काढलेस" म्हणू नका, आणि तो कागद मोबाइलवर मावशी-आत्यांना तर मुळीच पाठवू नका. माझ्या जावयांनी हौसेने तसे केले, आणि पुढच्या खेपेस मी पुन्हा कमळावर आले!

अजूनही महिन्यातून एकदा मी जाते. कुणाला एकटीने जाणे जड वाटत असेल तर सांगा, मी सोबत येईन. बाहेरच्या बाकावर बसून राहीन. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी मी आहेच.