कढई केव्हां बदलावी ?



बोईसर स्टेशनांत सकाळची गाडी थांबतांच तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांची रीघ लागते. त्यांतील पुष्कळांची न्याहारी म्हणजे वाटेंत घेतलेला वडापाव. पालघरच्या बाजारांतून संध्याकाळीं घरोघर जाणारें फरसाणहि तशाच कढईंतून उतरलेलें असतें. पदार्थ सर्वजण पारखून घेतात. कढईकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं.

तळणीस सुमारें १७० ते १८० अंश सेंटिग्रेड उष्णता पुरते. त्याहून तेल अधिक तापलें, किंवा तासन्‌तास तापत राहिलें, म्हणजे हवा आणि पदार्थांतील पाणी यांच्या योगानें त्याचें रूप पालटूं लागतें. पिठाचे कण करपतात. मीठ व तांब्यापितळेचा संसर्ग हा बिघाड वाढवितो. तेल काळें व दाट होतें, फेंसाळतें, लवकर धुरावतें. अशा तेलांत नवें ओतल्यानें जुनें सुधारत नाहीं; नवें मात्र लवकर बिघडतें. बिघडत्या तेलांत जीं ध्रुवीय संयुगें निर्माण होतात, त्यांचें प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास तें तेल वापरूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

हलवायाच्या कढईस आंच थेट बुडाशीं लागते. त्यामुळें खालीं बसलेला चुरा करपल्यावांचून राहत नाहीं. विजेच्या फ्रायरमध्यें तापणारी नळी बुडापासून कांहींशी वर असते. तिच्याखालचें तेल त्या मानानें थंड राहतें, व चुरा तेथें न जळतां बसतो. परंतु ही सोय रोज तेल गाळून तळ साफ करणाराच्याच उपयोगाची. थर्मोस्टॅट बिघडला, तर कांटा १८० वर असतो आणि तेल २०० च्या पलीकडे गेलेलें असतें. म्हणून वेगळ्या तापमापकानें अधूनमधून पडताळा घ्यावा.

थर्मोस्टॅट, नळी, तोटी हे भाग बदलतां येतात. टांकीच सांध्यांतून झिरपूं लागली, तर मात्र आगीचें भय; तेथें डागडुजीवर भागवूं नये. तेल अति तापल्यास वीज आपोआप तोडणारी कळ निकामी असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंदच ठेवावें. लोखंडी कढईचें बूड पातळ पडलें, कीं तिचाहि काळ संपला.

तेल महाग, तें टाकवत नाहीं, ही दुकानदाराची अडचण खरी आहे. तथापि ऑगस्ट २०१८ मध्यें सुरू झालेल्या ‘रुको’ योजनेनें असें तेल गोळा करून त्याचें बायोडीझेल करण्याची वाट उघडली आहे. गटारांत ओतण्यापेक्षां किंवा पुन्हां कढईंत घालण्यापेक्षां ती वाट बरी.

प्रवासी एकदां खाऊन पुढें जातो. कामगार त्याच कढईंतलें रोज खातो. दुकानदाराची काटकसर त्याच्या पोटांतून वसूल होऊं नये.