दूरचा कारभारी

धंदा लहान असला म्हणजे मालकच कारागीर आणि मालकच कारकून! माझ्या धाकट्या बंधूंचा बेळगावात शाळेची बाके बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. एका जूनमध्ये शाळा उघडली, पण बाके पोहोचली नाहीत. मुले आठवडाभर सतरंजीवर बसली. लाकूड होते, सुतार होते. लोखंडी पाय मात्र वेळेवर मागविलेच नव्हते. पुढील काम हातचे जाण्याची वेळ आली.

आता इंदूरच्या एक बाई घरी बसून, आठवड्यातून सहा तास, त्यांच्या कामाचे वेळापत्रक सांभाळतात. अमेरिकन अभियंते हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता त्या संगणकावर मांडतात. कोणते काम कधी सुरू व्हावे, कधी संपावे, कशावाचून काय अडेल, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते. सायंकाळी फोनवरून विचारपूस होते.

आरंभी बंधू संकोचाने 'झाले, झाले' म्हणत. मग तक्ताही खोटा ठरे. ते खरे सांगू लागले, तेव्हा विलंब आधीच कळू लागला. गेल्या जूनमध्ये बाके मुलांच्या आधी वर्गात पोहोचली.

दूरची व्यक्ती वेळापत्रक राखील. परंतु खरे सांगणे आणि निर्णय घेणे, ही मालकाचीच कामे होत.